बागेकडे बघायचे कोणी?



मराठी माणूस फक्त डोळ्यांनी बघत नाही. आपण आमटी चाखून बघतो, कपाळाला हात लावून ताप बघतो, दाराशी कान देऊन कोणी आले का ते बघतो. वैद्य नाडी बघतो. एखादे काम जमेल की नाही, हे करून बघतो. आणि घरात कोणी आजारी पडले की शेजारीण विचारते, "त्यांचं कोण बघतं?" तिला डोळ्यांविषयी काही विचारायचे नसते. सांभाळ कोण करते, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. नजर टाकणे आणि काळजी वाहणे या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने एका क्रियापदात ठेवल्या आहेत. एरवी त्या जोडीनेच चालतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही.

त्या वेगळ्या पडतात असा एक प्रसंग पुष्कळ घरांत येतो. आयुष्यभर बाग केलेल्या माणसाची नजर मंद होते. घरचे म्हणतात, "आई, आता बागेकडे आम्ही बघतो, तुम्ही बसा." वाक्य प्रेमाचे आहे, यात शंका नाही. ते योग्य आहे का, याचा विचार आज आम्ही करू इच्छितो.

मावळातली बाग म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडे सांगावे लागते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेला तळेगावकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. घाटमाथ्यावर चार महिने झाडाला पाणी द्यायचे नसते, साचलेले काढून द्यायचे असते. पुढे उन्हाळ्यात त्याच झाडाच्या आळ्यात घागरीने पाणी घालायचे. कार्ले, मळवली, कामशेत या पट्ट्यातल्या घराच्या मागे दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा मांडव असतो, न्हाणीच्या पाण्यावर अळू असते, कडेला हळद, गवती चहा, एखादा कढीपत्ता. पुढे तुळस नाहीतर मोगरा. ख्रिस्ती घरात पवित्र मरियेच्या तसबिरीला वाहायला शेवंती किंवा गुलाब. ही बाग पाहुण्यांना दाखवण्यासाठी कोणी करत नाही. ती घराचा अवयव असते, आणि घरातली बहुधा सगळ्यात वडीलधारी बाई तिची धनीण असते.

लोणावळा-खंडाळ्याला दुसऱ्या तऱ्हेचीही बाग आहे, बंगल्याची. मालक मुंबईचे किंवा पुण्याचे. शनिवार-रविवारी येणार, दिवाळीत चार दिवस राहणार. बाकीचे दिवस बाग माळ्याच्या ताब्यात. माळी, त्याची बायको आणि मुले मागच्या खोलीत राहतात. पगार बेताचा असतो, पण डोक्यावर छप्पर असते आणि मुलांची शाळा जवळ असते. या बागेचे काम मात्र दिसण्याचे आहे. हिरवळ सारखी कापलेली हवी, मेंदीचे कुंपण सरळ रेषेत हवे, सुकलेले फूल झाडावर राहता कामा नये.

अशा एका बंगल्यावरचे कुटुंब आमच्या माहितीत आहे. ओळख पटू नये म्हणून गल्लीचे नाव लिहीत नाही. माळीदादांना पंचावन्नाव्या वर्षी काचबिंदू असल्याचे कळले. तोवर कडेचे दिसणे बरेच गेले होते. समोरचे फूल दिसते, पण पायाजवळची बादली दिसत नाही, डाव्या हाताची फांदी गालाला लागते. त्यांनी मालकांना काही सांगितले नाही. बायको सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, त्यांच्या मागोमाग फिरते आणि हळूच सांगते, "अहो, तिकडचं राहिलं", "अहो, हा गुलाब वाळला." शेठ येतात तेव्हा बाग नीटच असते. दोघांच्या कामावर एकाचा पगार निघतो.

हे खोटे वागणे झाले का? खोटे बोलणे आणि न बोलणे यांत नीतिशास्त्र जुन्या काळापासून फरक करते. जे सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही ते मनात ठेवणे हा काही गुन्हा नव्हे. पण मालकांची नातवंडे हिरवळीवर खेळत असताना गवत कापण्याचे यंत्र चालवणाऱ्याला कडेचे दिसत नसेल, तर ती गोष्ट त्याची एकट्याची राहत नाही. कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्याला बाटलीवरचे अक्षर लागत नसेल, तर तीही राहत नाही. एवढ्या बाबतीत माळीदादांनी सांगितले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते आम्ही त्यांना बोलून दाखवले आहे. ते म्हणाले, "फादर, सांगितलं की दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायची. मग?" या 'मग'ला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. खरे बोलण्याची किंमत घरदार असेल, तर दोषाचा मोठा वाटा ती किंमत लावणाऱ्या व्यवस्थेच्या पदरी जातो. सरकारी नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या माळ्याला तिचा उपयोग नाही. तिथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा.

डोळ्यांबद्दलही चार गोष्टी लिहिणे जरूर आहे, कारण 'नजर गेली' या एका शब्दाखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. सगळेच धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, उन्हात डोळे दिपतात, निळा-जांभळा रंग फिका पडतो. काचबिंदूत मागच्या नसेला इजा होते आणि साधारणतः कडेची नजर आधी जाते, तीही इतकी सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. उतारवयात पडद्याच्या मधल्या भागाची झीज झाली तर उलटे होते. अंगणातून चालता येते, पण हातातल्या पानावर कीड आहे की नाही ते कळत नाही, कारण जिथे पाहावे नेमके तिथेच डाग. मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम आणखी निराळा. मोतीबिंदूची दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते, आणि सरकारी रुग्णालयांत व अनेक धर्मादाय संस्थांत ती शस्त्रक्रिया मोफत होते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने राखता येते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे अजूनही "मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू" असे म्हणणारे भेटतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या काळात त्या म्हणण्याला अर्थ होता, आता नाही. आंबा पिकायची वाट पाहावी, मोतीबिंदूची पाहू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याची नजर परत येणार नाही, त्याने बाग करावी की सोडावी?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांला ॲरिस्टॉटल वाचावा लागे. त्याच्या 'मेटाफिजिक्स' या ग्रंथाच्या आरंभीच येते, की माणसाला सर्व इंद्रियांत दृष्टी अधिक प्रिय आहे. हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यानेच आत्म्यावरील ग्रंथात दुसरे सांगितले आहे, की स्पर्श हे पायाचे इंद्रिय आहे, त्यावाचून प्राणी जगत नाही, आणि माणूस इतर प्राण्यांहून सरस ठरतो तो स्पर्शात. नजरेत, वासात तो पुष्कळ प्राण्यांच्या मागे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी हे मत उचलून धरले आणि सूक्ष्म स्पर्शाचा संबंध थेट बुद्धीच्या तरलतेशी जोडला. वर्गात हे आम्हांला जरा ओढूनताणून आणल्यासारखे वाटे. मावळातल्या बायकांना खुरपणी करताना पाहिल्यावर तसे वाटत नाही.

लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. गवताचा दांडा गोल असतो. भातही गवताच्याच कुळातले, त्याचा दांडा गोल. म्हणजे भातातला लव्हाळा अंधारातही उपटता येतो. तुळशीची, पुदिन्याची काडी चौकोनी लागते. दोडक्याला धारा असतात, घोसाळे गुळगुळीत. काकडीचे पान खरखरीत. कुंडीला पाणी हवे की नको हे कोणताही जुना माळी मातीत बोट घालूनच ठरवतो, आणि डोळे शाबूत असलेला नवशिका वरची कोरडी माती बघून फसतो. टिचकी मारली की कोरडी कुंडी वेगळी वाजते. वासाचे तर विचारूच नये. आपल्या तालुक्यात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ साली तयार झालेले इंद्रायणी भात शिजायला लागले की शेजारच्या घरात कळते. याच मावळातल्या पॉलिहाउसमधून फेब्रुवारीत परदेशी जाणारे गुलाब मात्र दिसायला देखणे आणि वासाला जवळजवळ कोरडे. फूल टिकावे, दांडा लांब असावा, रंग भरावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, त्यात सुगंध मागे राहिला. निव्वळ डोळ्यांसाठी केलेल्या बागेचे असे होते.

पण हात हे सगळे एका दिवसात शिकत नाही. विल्यम मॉलिनो नावाच्या आयरिश विद्वानाने १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक याला एक कोडे घातले होते. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोळा आणि घन ओळखता येतात. त्याला एकाएकी दिसू लागले, तर हात न लावता, नुसत्या नजरेने तो ते ओळखील का? मॉलिनोची पत्नी अंध होती, त्यामुळे हे कोडे त्याच्या घरातले होते. पुढे सव्वातीनशे वर्षे त्यावर वाद झाले. आपल्याच देशात, 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात उपचार झालेल्या जन्मांध मुलांच्या मदतीने पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुलांना लगेच ओळखता आले नाही, पण काही दिवसांतच येऊ लागले. हाताचे ज्ञान आणि डोळ्याचे ज्ञान एकमेकांत आपोआप उतरत नाही, त्याला वेळ आणि सराव लागतो. नजर जाणाऱ्या माणसाचा प्रवास उलट्या दिशेचा आहे आणि त्याच्या मागे वयही लागलेले आहे. त्याला वेळ अधिकच द्यावा लागेल. आपण नेमका तोच देत नाही. आजींनी चुकून झेंडूची दोन रोपे उपटली की आठवड्याच्या आत खुरपे माळ्यावर जाते.

भर पन्नाशीच्या अलीकडे डोळे गेलेल्या एका माणसाची हकिगत इथे आठवते. जॉर्ज एबरहार्ड रम्फियस याचा जन्म १६२७ सालचा, जर्मनीतला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर आला आणि तिथल्या झाडापेल्यांच्या नादी लागला. प्रत्येक वनस्पतीचे वर्णन, चित्र, स्थानिक नाव, औषधी उपयोग असा मोठा ग्रंथ त्याने हाती घेतला. १६७० साली, त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, तो आंधळा झाला. काचबिंदूच असावा असे म्हणतात. काम अर्धवट होते. १६७४ च्या भूकंपात त्याची बायको सुझाना आणि एक मुलगी गेली. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली, ती पुन्हा काढवून घेतली. १६९२ साली हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज बुडाले. सुदैवाने एक प्रत मागे ठेवलेली होती. तो १७०२ साली वारला आणि ग्रंथ छापला जाऊ लागला १७४१ साली. एका पांढऱ्या ऑर्किडला त्याने बायकोचे नाव दिले होते. त्या फुलाच्या जवळच्या नात्यातले एक पांढरे, सुवासिक ऑर्किड आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलते.

ही हकिगत एका माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यात आणखी काही दिसते. रम्फियस सांगत होता, लेखनिक लिहीत होते, मुलगा चित्रात मदत करीत होता. आंधळ्या माणसाने वनस्पतींचा ग्रंथ पुरा केला, तो अनेकांच्या डोळ्यांनी. आणि कंपनीने त्याला काढून टाकले नाही. त्याचा हुद्दा आणि पगार चालू ठेवला, मदतनीस दिले. ही कंपनी धर्मादाय संस्था नव्हती. लवंग-जायफळाच्या नफ्यासाठी तिने त्या बेटांवर काय काय केले हे इतिहासात आहे. अशा कंपनीलाही एवढे कळले, की डोळे गेले म्हणून या माणसापाशी असलेले ज्ञान गेलेले नाही. बंगल्याच्या मालकांना ते कळणे अशक्य आहे, असे आम्ही मानत नाही. वीस वर्षे ज्याने आंब्याचा मोहोर सांभाळला, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते हे ज्याला झोपेतही सांगता येईल, त्याच्या हाताखाली एक पोरगा दिला तर बागेचे नुकसान होईल की फायदा?

घरच्यांची भीती मात्र खोटी नाही, हेही सांगितले पाहिजे. कामावर जाणारी सून दिवसभर जीव टांगणीला लावून बसते, तिला आपण उपदेश करू नये. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरते. गवतात फुरसे असते, मण्यार असते. मांडवाच्या काठीचे टोक खाली वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकते. कोयता कोयताच असतो. कठडा नसलेली विहीर परसात असेल तर रात्रीची झोप उडावी अशीच गोष्ट आहे. तेव्हा "करू द्या त्यांना काय करायचं ते" असे म्हणून मोकळे होणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे, ते अंग काढून घेणे आहे.

पण धोका काढणे आणि माणसालाच तिथून काढणे यांत फरक आहे. दुसरे सोपे असते, म्हणून आपण ते करतो. विहिरीला कठडा बांधायला पैसे आणि दोन दिवस लागतात. आईंना पडवीत बसवायला काहीच लागत नाही. आणि पडवीत बसवलेल्या आई हळूहळू कशा होतात हे घरभेटीला जाणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना चांगले दिसते. त्या तक्रार करत नाहीत. "मुलं फार बघतात माझं," असे सांगतात. पण त्यांनी कोणाचे बघायचे, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. ज्याला फक्त सांभाळले जाते, ज्याच्या हाती सांभाळायला काही उरत नाही, अशा माणसाला आपण जिवंतपणी घराचा पाहुणा करून ठेवतो.

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभू येशूने केलेल्या चमत्कारांत ही एकच बरे होण्याची गोष्ट दोन टप्प्यांत घडते. पहिल्या स्पर्शानंतर त्या माणसाला अर्धवट दिसू लागते. त्याला माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. अधू नजरेचे इतके नेमके वर्णन दुसरे आमच्या वाचनात नाही. मोतीबिंदूच्या पेशंटला विचारा, तो हेच सांगेल. या गोष्टीवर प्रवचन करताना बहुधा दुसऱ्या स्पर्शावर जोर दिला जातो. आम्हांला त्याच्या आधीच्या बारीक गोष्टी मोलाच्या वाटतात. प्रभूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले, लोकांच्या गराड्यात उपचार केला नाही. आणि मध्येच थांबून त्याला विचारले, की तुला काही दिसते का. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याने विचारले. आपण आपल्या आईला, सासऱ्याला, माळ्याला असे विचारतो का? "तुम्हाला आता काय दिसतं, काय दिसत नाही? कुठलं काम जमतं, कुठल्याची भीती वाटते?" पुष्कळ घरांत दोन-दोन वर्षे हा प्रश्न निघालेला नसतो. एकीकडे लपवणे चालू असते, दुसरीकडे अंदाज बांधणे.

उलट टोकाचाही एक प्रकार आहे आणि तो आम्हांला तितकाच खटकतो. नजर गेलेल्या माणसाला लोक सांगतात, "बाहेरचे डोळे मिटले की आतले उघडतात." बोलायला बरे वाटते. पण ज्या बाईने तीस वर्षे पहाटे उठून गुलाबाची पहिली कळी उमलताना पाहिली, तिचे काहीतरी खरोखरच गेले आहे. वासाने आणि स्पर्शाने बाग राहते, पण तांबडा रंग राहत नाही. त्याबद्दल तिला रडू येत असेल तर येऊ द्यावे. देवाने एक घेतले आणि दुसरे दिले, असा हिशेब तिच्यासमोर मांडण्याचा अधिकार ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांना नाही.

अंधांसाठी सुगंधी बागा करण्याची कल्पना जगात बऱ्याच ठिकाणी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानातली १९५५ सालची अशी बाग प्रसिद्ध आहे. पानांना हात लावावा, वास घ्यावा, अशी तिथली रचना. उपक्रम चांगलाच आहे, मात्र त्यात अंध माणूस भेट देणारा असतो, बाग दुसऱ्या कोणाची तरी असते. आपल्या देशात त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६० साली, मुंबईच्या नॅबने, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने, टाटांच्या साह्याने गुजरातेत वलसाड जिल्ह्यातल्या फणसा या गावी अंधांसाठी शेतीचे प्रशिक्षण केंद्र काढले. तिथे अंधांच्या हाती कुदळ दिली गेली, गुरे दिली गेली. खेड्यातला माणूस आंधळा झाला तर त्याला शहरात नेऊन खुर्च्या विणायला बसवण्यापेक्षा त्याच्याच मातीत उभे करावे, हा विचार त्यामागे होता. साठ वर्षांपूर्वी इतके स्वच्छ कोणाला सुचले याचे नवल वाटते. त्याच नॅबचा, लायन्स क्लबच्या सहकार्याने चालणारा, अंध वृद्धांसाठीचा आश्रम आपल्या खंडाळ्यालाच आहे. मिस्सा आटोपून पॉइंटावर फिरायला जाणाऱ्या आपल्या तरुण मंडळींपैकी किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे. तिथे जाताना फळांची करंडी न्यावी, पण निदान एखाद्या आजोबांकडून काही शिकून यावे. त्यांच्यातल्या एखाद्याचे सारे आयुष्य शेतात गेलेले असेल.

आता पावसाळ्याच्या तोंडावर ज्या घरांत असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बी लावायचे काम काढून घेऊ नका, बी बदला. माठ, राजगिरा, मेथी यांचे बारीक बी बोटांना दाद देत नाही. वाल, घेवडा, भोपळा, दोडका, मका यांचे देते. ओळ सरळ यावी म्हणून दोन खुंट्यांना सुतळी ताणून द्या आणि वीतभर अंतरावर गाठी मारा, गाठीगाठीला बी पडेल. वाफे अरुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचेल आणि आत पाय पडणार नाही. वाटेच्या कडेच्या विटांना पांढरा चुना द्या. थोडे दिसणाऱ्याला पांढरे लवकर दिसते. वळणावर गवती चहा लावा, लुगड्याला घासला की वळण आले हे कळते. खुरप्याच्या मुठीला लाल फडके बांधा आणि त्याची जागा एकदा ठरली की घरातल्या कोणीही ती बदलू नये. अंधाला सर्वांत जास्त त्रास देतो तो डोळसांचा विसराळूपणा. मांडवाच्या आणि रोपांच्या काठ्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्यांची बुचे किंवा चिंध्यांचे गोळे बसवा. फवारणीचे औषध वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा आणि ते काम दुसऱ्याने करावे, यात तडजोड नको. गवतात जायचे असेल तर गमबूट आणि हातात काठी, आधी काठी आपटायची. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा बागेच्या कामाशी जोडा: सकाळी पाणी घालण्याआधी, संध्याकाळी फुले काढल्यावर. काचबिंदूचे थेंब एकदा सुरू झाले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचे नसतात, बरे वाटत असले तरी.

माळीदादांचे काय झाले, असे काही जण विचारतील. गवत कापण्याचे यंत्र चालवणे आणि फवारणी ही दोन कामे त्यांनी स्वतःहून भाच्याकडे दिली आहेत. शेठना अजून सांगितलेले नाही. दिवाळीत ते सहकुटुंब येतील तेव्हा सांगायचे, असे नवरा-बायकोने ठरवले आहे, आणि त्या वेळी आम्ही सोबत असावे अशी त्यांची इच्छा आहे. आम्ही जाणार आहोत. मेंदीच्या कुंपणाची छाटणी मात्र त्यांनी कोणाला दिलेली नाही. एका हाताने पाने चाचपत, दुसऱ्या हातात कात्री धरून ते ती अजून स्वतःच करतात, आणि त्यांची बायको पाठीमागून सांगते, कुठे उंच राहिले आहे ते.